कानसेन

गाण्यातल्या कानसेनांची पुण्यात वानवा नाही. दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात ते शालीसकट सापडतात. मी सांगतोय तो कानसेन वेगळा. त्याला षड्जाशी घेणं नाही की पंचमाशी देणं नाही. घरातल्या कॉम्प्युटरमधून एक बारीक ‘ईंईंई’ येतोय, एवढंच त्याला ऐकू येतं. आणि ते एकदा ऐकू आलं की घरातल्या बाकी कोणाचंही काही ऐकू येत नाही.

असा एक तरी प्रत्येक सोसायटीत असतोच. बहुधा निवृत्त, बहुधा कुठल्याशा तांत्रिक खात्यातला, आणि कपाटात पेचकसांचा स्वतंत्र कप्पा राखून असलेला. तुमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला येईल, द्रोण हातात घेईल आणि शिरा तोंडात घालण्याआधी मान तिरकी करून विचारेल, “कोपऱ्यात काय वाजतंय?” तुम्ही बोट दाखवून म्हणावं, “सीपीयू असेल.” मग पहिली दुरुस्ती तुमची होते. सीपीयू म्हणजे आतली चिप, हे कॅबिनेट. दुसरी चूक म्हणजे “पंखा असेल हो” असं म्हणून विषय मिटवायला जाणं. “पंखा घरघरतो,” तो म्हणतो, “हार्ड डिस्क गुणगुणते. ७,२०० फेऱ्या मिनिटाला, म्हणजे सेकंदाला १२०. त्याचा सूर खालचा. हा वरचा आहे.” शिरा एव्हाना गार झालेला असतो.

तपासाची पहिली पायरी म्हणजे शांतता. “वहिनी, फ्रिज जरा बंद करू का?” असं विचारेपर्यंत त्याने बटण दाबलेलंही असतं. मग छताचा पंखा, कारण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर तो एक नंबरवर हुंकार देतो. मग जुनी ट्यूब, तिचा चोक भुणभुणतो म्हणून. मे महिना, खिडक्या बंद, घरचे सगळे घामाघूम, आणि मधोमध हा कॅबिनेटचा पत्रा काढून, सकाळच्या पेपरची सुरळी कानाला लावून डॉक्टरसारखा एकेक जागा तपासत बसलेला.

आणि त्याची तपासणी शास्त्रशुद्ध असते, हे कबूल करायला हवं. पेन्सिलीच्या रबराने पंख्याचा मधला भाग क्षणभर दाबून धरतो. आवाज तसाच? मग पंखा सुटला. नातवाला गेम लावायला सांगतो. गेम सुरू व्हायच्या आधी तो नुसता मेन्यू येतो, तिथे शिट्टी सगळ्यात चढते, आणि याचा चेहरा उजळतो. “ग्राफिक्स कार्ड!” मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला ६० चित्रांपलीकडे तो दाखवू शकत नाही. मेन्यूत काम काहीच नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं उगाच काढत सुटतं. तो सेटिंगमध्ये जाऊन व्ही-सिंक चालू करतो, म्हणजे कार्ड मॉनिटरच्या वेगाला बांधलं जातं. शिट्टी खाली येते. नातू म्हणतो, “आजोबा, गेम अडकतोय.” आजोबांना गेमशी कर्तव्य नसतं.

मग कारणमीमांसा, जी तुम्ही विचारलेली नसते. कार्डावर आणि पॉवर सप्लायमध्ये तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी असतात. त्यांतून वीज सलग वाहत नाही, सेकंदाला हजारो वेळा तुटत-जुळत वाहते. प्रत्येक झटक्याला चुंबकीय ओढ बदलते आणि तार अगदी किंचित हलते. हा वेग एरवी आपल्या कानाच्या पलीकडचा असतो. पण कामाचा भार वरखाली झाला की थरथर ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरते. शिवाय मदरबोर्डावरचे चिनीमातीच्या जातीचे कपॅसिटर विजेच्या दाबाने किंचित फुगतात आणि आकसतात, त्यांच्याबरोबर अख्खा बोर्ड थरथरतो. माउसचं चाक फिरवून पान वरखाली केलं तर कधीकधी सूर बदलतो तो भार बदलल्यामुळेच. कॉम्प्युटर काही न करता नुसता चालू असताना वाजत असेल, तर प्रोसेसर डुलकी घेतो आणि दचकून उठतो त्याचा तो आवाज. बायॉसमध्ये जाऊन ती डुलकी बंद करता येते. वीज जास्त जाते, पण कानसेन बिल भरायला तयार असतो. तुमचं बिल.

आता एक नाजूक गोष्ट. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असं म्हणतात, पण वय वाढलं की वरची टोकं आधी जातात. जुन्या डबा टीव्हीची शिट्टी १५,६२५ हर्ट्झची होती. शेजारी टीव्ही चालू आहे की बंद, हे आपल्याला जिन्यातूनच कळायचं, असं कानसेन अजून अभिमानाने सांगतो. आज तोच टीव्ही पुढ्यात लावला तरी ती शिट्टी त्याला बहुधा ऐकू येणार नाही. म्हणून तर नातू लागतो. “येतोय का रे?” “येतोय.” “मलाही येतोय,” असं तो लगेच म्हणतो.

मशीन दुकानात न्यावं तर तिथे ते मुकं होतं. तापकीर गल्लीत भर दुपारी कुठली शिट्टी ऐकू येणार? काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काका, काही नाहीये ओ.” कानसेन हार मानत नाही. “तुमच्याकडची वीज वेगळी आहे,” असं सुनावून तो मशीन रिक्षात घालून परत आणतो.

स्पीकरमधून येणारी भुणभुण मात्र त्याच्या मते क्षुद्र शिकार. ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. कॉम्प्युटर एका भिंतीतल्या सॉकेटवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या, दोघांना जोडणारी ऑडिओची वायर मध्ये. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की त्या कड्यातून वीज फिरते आणि स्पीकर गुरगुरतो. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले की बहुतेक वेळा गप्प. माउस हलवला की स्पीकरमध्ये ‘चिर्र’ होत असेल तर यूएसबीचं बाहेरचं साउंड कार्ड लावा, म्हणजे कॅबिनेटच्या पोटातला गोंगाट त्यात सहसा शिरत नाही. हे तो जाता जाता, चपला घालताना सांगतो. त्याला त्यात मजा नाही. फार लवकर सापडतं.

खरी भीती बाळगावी ती याच्या धाकट्या आवृत्तीची. तो अर्धा व्हिडिओ बघून येतो आणि भुणभुण घालवायला प्लगची मोठी पिनच काढून टाकतो. भुणभुण जाते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, कारण अर्थिंग तुटल्यावर पत्र्यावर जवळपास निम्म्या मेनचा दाब तरंगत राहतो. आतलं इन्सुलेशन फाटलं तर मुंग्यांवर भागणार नाही. थोरला कानसेन असलं कधी करत नाही. पॉवर सप्लायचा डबा तर तो उघडतच नाही. आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसू शकतो, हे त्याला पाठ आहे. आयुष्यात हात न लावलेली एवढी एकच गोष्ट त्याच्या घरात असावी.

तेव्हा तो आलाच तर पत्रा काढू द्या, फ्रिज बंद करू द्या. वेटोळ्याच्या शिट्टीने मशीनचं सहसा काही बिघडत नाही, आणि कानसेनचं तर तिच्यावाचून चालतच नाही. पण एकाच बोर्डावर घेऊनही स्पीकर भुणभुणत असेल किंवा पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्याच्या भरवशावर राहू नका. परवानाधारक वायरमन बोलवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या.