शैक्षणिक वर्ष यांस, जव्हार-मोखाड्याहून

प्रति,
श्रीमान शैक्षणिक वर्ष,
मुक्काम पोस्ट पुणे



शाळा बदलायला हवी की नको, या विषयावर महाराष्ट्रात बारा महिने परिसंवाद चालतात. अभ्यासक्रमावर खापर फुटते, परीक्षेवर फुटते, गुरुजींवर तर रोजच फुटते. पालक अडाणी ठरतात, मोबाइल खलनायक ठरतो. आपले नाव मात्र कोणी घेत नाही. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे सुट्ट्यांच्या यादीसकट आपण निवांत टांगलेले असता. इतका अब्रूदार आरोपी आम्ही दुसरा पाहिला नाही, म्हणून हे पत्र. तेही उघडे, कारण पाकीट आपल्यापर्यंत पोहोचेतो दुसरे सत्र संपायचे.

आपली दिनचर्या आम्हाला तोंडपाठ आहे. जूनच्या मध्यावर आगमन. दिवाळीपर्यंत पहिले सत्र, मग सुटी. नंतर दुसरे सत्र, त्यात स्नेहसंमेलन आणि सहल. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, १ मे रोजी निकाल, आणि मग मामाच्या गावाला जायला मोकळे. ठाण्या-पुण्याच्या नोकरदार घरासाठी आपण अगदी मापाने शिवलेले आहात. अडचण एवढीच, की आमच्याकडचा मामा मे महिन्यात गावात नसतो. तो भिवंडीच्या वीटभट्टीवर असतो. भाचाही तिथेच असतो.

इथले वर्ष कसे चालते ते एकदा ऐकून घ्या. पावसाच्या आधी राब भाजायचा, पाऊस लागला की भाताची लावणी, उतारावर नागली आणि वरई. चार महिने माणसे शेतात, गावात, घरात. कापणी उरकली, वाघबारस झाली, दिवाळी आटोपली, की पाडे रिकामे व्हायला लागतात. जमीन तुकड्याची, पीक एकच, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्च झालेली. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, सगळेच कमी-जास्त निघतात. कातकऱ्यांच्या वस्तीत तर घरटी कोणी मागे राहिले तर नवल. वसई, भिवंडी, कल्याण, उरण, नाशिक, जिथे वीट, रेती किंवा इमारत असेल तिथे. विचारले तर उत्तर साधे असते : "जगायला चाललो." होळीला चार दिवस परत येतात, शिमगा खेळतात, पुन्हा जातात. हंगाम संपवून परततात ते मृगाच्या तोंडावर. म्हणजे आपले दुसरे सत्र सुरू होते तेव्हा ती मुले निघतात, आणि आपली उन्हाळी सुटी संपत आली की परत येतात. एवढी अचूक चुकामूक ठरवूनही जमली नसती.

आपल्या हिशेबाची तऱ्हा तर फारच लोभस आहे. शाळेत शिक्षक किती द्यायचे ही संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. ३० सप्टेंबरला जव्हारच्या पाड्यावर या. भात निसवलेले असते आणि पोर न् पोर वर्गात असते. पट भरलेला, कागद खूश. दीड-दोन महिन्यांनी याच वर्गात निम्म्या चटया रिकाम्या असतात, पण तोवर आपली मोजणी झालेली असते.

शाळाबाह्य मुलांचा शोधही आपण असाच घेता. ४ जुलै २०१५ रोजी अख्ख्या राज्यात एका दिवसात सर्वेक्षण झाले. एका दिवसात! आणि दिवस कोणता, तर जुलैचा पहिला शनिवार. त्या दिवशी इथले प्रत्येक कुटुंब घरी असते, चिखलात असते, पण गावात असते. वीटभट्ट्या पावसाने बंद असतात, त्यामुळे तिकडे शोधायला गेलेल्याला ओल्या विटांशिवाय काही सापडायचे नाही. मग २०२२ मध्ये 'मिशन झीरो ड्रॉपआउट' आले. तेही जुलैमध्ये. मूल घरी असताना त्याला हरवलेले म्हणून शोधायचे आणि ते खरोखर निघून जाते त्या महिन्यात दिवाळीची सुटी घ्यायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा जव्हारच्या दरबारी थाटात सत्कार व्हायला हवा.

भट्टीवर मूल काय करते, हेही आपल्या माहितीसाठी. आईबाप रात्री दोन-तीनला उठून गारा मळतात, विटा थापतात. सहा-सात वर्षांचे पोर वाळत घातलेल्या विटा उलटवते. दहा वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चूल सांभाळते. तिला मागे ठेवून जाता येत नाही, कारण मग धाकट्याला कोण बघणार? शाळेच्या दृष्टीने ती 'सतत गैरहजर'. एप्रिलमध्ये आपली वार्षिक परीक्षा येते तेव्हा भट्टीचा हंगाम ऐन भरात असतो. २०२५ मध्ये तर पहिली ते नववीच्या परीक्षा पार २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, वर्गात मुले जास्त दिवस टिकावीत म्हणून. कोणाच्या वर्गात, ते विचारायचे राहिले. त्यात २०२३ पासून महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला नापास करण्याची सोय पुन्हा करून ठेवली आहे. विटा उलटवण्याला गुण नाहीत.

आपण वाकतच नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विदर्भात ऊन कडक असते म्हणून तिथल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. योग्यच आहे. हिमाचलात बर्फाच्या भागातल्या शाळांना लांब सुटी हिवाळ्यात असते, उन्हाळ्यात नव्हे. उन्हापुढे आपण वाकता, बर्फापुढे वाकता. पोटापुढे तेवढा आपला कणा ताठ राहतो.

आणि कायद्याचे नाव पुढे करू नका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आम्हीही वाचला आहे. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे, हे त्यातले एक. आणि त्याच यादीत अगदी शेवटी, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, आणखी एक : शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे. म्हणजे महाशय, आपला जन्म कुठे व्हावा हे संसदेनेच सांगून ठेवले आहे. तो आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, पालघरात, व्हायला हवा होता. आपण पुण्यात जन्मता आणि मोखाड्याला टपालाने येता.

आपले वकील म्हणतील, पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास भरले पाहिजेत. मान्य. हिशेब आम्हीही केला. १ जूनला शाळा उघडली आणि दिवाळीपर्यंत रविवार, सणवार सोडून चालवली, तरी दिवस सव्वाशेच्या आसपास भरतात. उरलेले पंचाहत्तर कुठे? खरा प्रश्न तो आहे, आणि त्याची उत्तरे याच जिल्ह्यात फार पूर्वी दिली गेली आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला आल्या तेव्हा त्यांना दिसले, की वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या शाळाच घेऊन कुरणात गेल्या. पाड्याच्या अंगणात अंगणवाडी आणि चराईच्या रानात कुरणशाळा. पुढे विधायक संसद या संस्थेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर, मजुरांच्या भोंग्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, भोंगाशाळा चालवल्या. सरकारचीही हंगामी वसतिगृहे आहेत, गाव बदलणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. साधने आहेत. पण ती सगळी आपल्या अपवादात जगतात, नियमात नाहीत. भट्टीवर भरलेला दिवस हा शाळेचाच दिवस, असे आपल्या पानावर कुठे छापलेले नाही.

एक कबूल करतो. माणसे जगायला जातात यात आपला दोष नाही. त्याचे उत्तर रोजगार हमीच्या वेळेवर मिळणाऱ्या मजुरीत आणि दुबार पिकाला लागणाऱ्या पाण्यात आहे. तारखा हलवल्याने भट्ट्या ओस पडणार नाहीत. काही जाणती माणसे म्हणतात, दिनदर्शिका स्थलांतराला जुळवली तर स्थलांतरावर शिक्कामोर्तब होईल. ही भीती खरी आहे. पण शिक्का तर आजही बसतोच आहे. तो पोरीच्या दाखल्यावर बसतो आहे, एवढाच फरक.

तेव्हा आपल्याकडून काही अपेक्षा नाही. वयाने आणि सवयीने आपण बदलणार नाही. विनंती पालघर जिल्हा परिषदेला आहे. नववे कलम तिच्या हातात आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची दिनदर्शिका तिने पावसाळ्याआधी स्वतः ठरवावी. शाळा १ जूनला उघडाव्यात. गावातल्या मुलांची मुख्य परीक्षा कापणीच्या तोंडावर, मुले गावात असताना व्हावी. हंगामी वसतिगृहाची दारे वाघबारशीच्या आधी उघडावीत, आईबाप सामान बांधायच्या आधी. नंतर उघडली तर आत यायला कोणी उरत नाही. धाकट्या भावंडासाठी भट्टीवर पाळणाघर असल्याशिवाय थोरली वर्गात बसणार नाही, हेही ठरावात लिहावे. जे मूल भिवंडीला किंवा वसईला जाईल, त्याची तिथली हजेरी इथल्या पटावर चढावी. आणि शाळाबाह्य मुले मोजायचीच असतील तर जानेवारीत मोजावीत, भट्टीवर जाऊन.

वाचकांपैकी कोणी जिल्हा परिषदेचे सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीत, किंवा नुसतेच मतदार असतील, तर त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडावा : आमच्या शाळेचे वर्ष आम्ही ठरवू.

कळावे,
आपला (नाइलाजाने),
जव्हारकडचा एक नागरिक