मागेल त्याला बिटकॉइन मशीन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब, बीड.

विषय : बिटकॉइन खणण्याच्या मशीनचे भाव आवाक्याबाहेर गेल्याने होतकरू खाणमालकांना तातडीची मदत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय निवेदन की, जमीन खणून काय निघते ते आमचे पाहून झाले आहे. सहाशे फुटांवर धुरळा, आठशे फुटांवर पुन्हा धुरळाच. तेव्हा आता कॉम्प्युटरमध्ये खणावे, असे आमच्या पारावर एकमताने ठरले. धंदा अनोळखी नाही. शिवारात चार बोअर होते तोवर दोनशे फुटांवर पाणी होते. चारशे झाले आणि पाण्याने तळ गाठला. बिटकॉइनचेही तेच. खणणारे वाढले की दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, खणण्यासाठी सोडवायचे कोडे आपोआप अवघड होते. मग आणखी ताकदीचे मशीन आणा. तामिळनाडू पासिंगचा बोअरवाला पाणी लागो न लागो, फुटावर पैसे मोजून घेतो. इथे ते काम मशीन विकणारी बीजिंगची बिटमेन करते.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. मशीनला दुहेरी हमीभाव द्यावा. 2021 च्या अखेरीस बिटकॉइन तेजीत होते, तेव्हा अँटमायनर एस 19 प्रो हे मशीन 10 हजार डॉलरच्या पुढे गेले. म्हणजे साडेसात लाख रुपये. वर्षभरात बिटकॉइन आपटले आणि मशीन पाव किमतीवर आले. आम्ही घेणार तेजीत आणि विकणार मंदीत, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असल्याने घेताना कमाल आणि विकताना किमान दर सरकारने बांधून द्यावा.

2. उताऱ्याचा विमा उतरवावा. साधारण दर चार वर्षांनी खणणाऱ्याला एका ब्लॉकमागे मिळणारे बिटकॉइनचे बक्षीस निम्मे होते. 2012 मध्ये 50 चे 25 झाले, एप्रिल 2024 मध्ये सव्वासहाचे 3.125. मशीन तेच, वीज तीच, उतारा अर्धा. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ राज्यभर गाजला. 2023 चा एक रुपयातला विमा 2025 मध्ये बंद पडला, पण त्याचे जाणकार अर्जदार जिल्ह्यात अजून शाबूत आहेत. मशीन नसलेल्या गायरानावरही ते मशीनचा विमा भरून दाखवतील.

3. मशीनला कृषिपंपाचा दर्जा द्यावा. चपलांच्या खोक्याहून जरा मोठे, दोन्हीकडे पंखे, आवाज पंचाहत्तर डेसिबल. गोठ्यात लावले तर म्हैस पान्हा चोरेल. पण वीज ओढते 3,250 वॅट, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या मोटारीपेक्षा कमीच. सरकारने 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली, त्यात हे सहज बसते. नाहीतर दिवसाला 78 युनिट, महिन्याला 2,340. युनिटला 10 रुपये धरले तरी 23,400 रुपये बिल. अडचण एकच. शेतीची लाईट आठ तास येते आणि उरलेले सोळा तास जगातले बाकीचे लोक खणत बसतात. तरी आमच्या फीडरची वेळ संपल्यावर बिटकॉइनचे जागतिक कामकाजही थांबवावे, असे महावितरणने संबंधितांना कळवावे. डीपी जळाल्यास तो बदलून येईपर्यंत हेच लागू राहील.

4. करात खर्च धरावा. 1 एप्रिल 2022 पासून बिटकॉइनच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. खाणकामाच्या यंत्रणेवरचा खर्च मात्र त्यातून वजा होत नाही, हे सरकारने संसदेत सांगितले आहे. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातही वळता करता येत नाही. म्हणजे मशीन महागले की ते आमचे नशीब, आणि चुकून चार पैसे सुटले की ते देशाचे उत्पन्न.

5. ज्यांना मशीन झेपत नाही, त्यांची वेगळी सोय नको. ती आधीच करून झाली आहे. गेनबिटकॉइनने गुंतवणूकदारांना मशीन पाहण्याचेही कष्ट दिले नाहीत. तुमचे बिटकॉइन आम्हाला द्या, आम्ही खणतो, 18 महिने दरमहा 10 टक्के घ्या, असा वायदा होता. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला धरले. जमा झालेली रक्कम ईडीने 6,600 कोटी रुपये सांगितली. एवढे मोठे खाणकाम आणि खाण कोणालाच दिसली नाही! अशा सोयीची बीडला निकड नाही. जादा व्याजासाठी ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवलेले पैसे परत मिळवणे, हेच आमचे सध्याचे खोदकाम आहे.

वरील मागण्या पंधरा दिवसांत मान्य न झाल्यास आपल्या कार्यालयासमोर बेमुदत उपोषण करण्यात येईल, व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील. मंडप, सतरंज्या आणि पिण्याचे पाणी आमचे आम्ही पाहू. आपण फक्त थ्री फेजचे एक कनेक्शन काढून द्यावे. चोवीस तास लाईट फक्त आपल्याच कार्यालयात असते, असे ऐकतो. तेव्हा मागण्या मान्य करण्याची फार घाई करू नये.

आपले विश्वासू,
होतकरू खाणमालक