गृहस्थाश्रमी स्मूदीकार

महाराष्ट्राच्या शहरी मध्यमवर्गात, विशेषतः पुणे, ठाणे आणि नाशिक येथील सोसायट्यांमध्ये, अलीकडे जो एक नवा गृहस्थ नजरेस पडतो, त्याला सोयीसाठी ‘स्मूदीकार’ म्हणता येईल. स्मूदी म्हणजे फळांचा गर दूध, दही, नारळाचे दूध किंवा साधे पाणी घालून यंत्रात घुसळून केलेले दाट, थंडगार पेय होय; रस काढताना चोथा गाळून टाकतात, स्मूदीत तो तसाच राहतो, आणि चोथ्याविषयीची ही आस्था हेच स्मूदीकाराचे पहिले लक्षण मानावे लागते. वयाने तो साधारणतः पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान असतो आणि तोवरच्या आयुष्यात त्याने चहाखेरीज काही केलेले नसते, तोही बहुधा पत्नी माहेरी गेलेली असताना.

या पंथाची दीक्षा पॅथॉलॉजीच्या अहवालातून मिळते. एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी तपासणी, काठावर आली की हा गृहस्थ चहातली साखर बंद करतो, ती बंद केल्याचे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन केळी, अर्धे अननस, चार चिकू व वर दोन चमचे मध असा ऐवज मिक्सरमध्ये लोटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत मधालाही ‘मुक्त शर्करे’त, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच पंक्तीत बसवले असून अशा शर्करेचा वाटा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवावा असे सांगितले आहे, हे तो जाणतो, परंतु ती मार्गदर्शिका बाजारच्या मधाविषयी असून आपला मध महाबळेश्वरचा आहे, असे त्याचे मत असते.

आरोग्याचे इतके मार्ग मोकळे असताना त्याने स्मूदीच का निवडावी, याचे कारण स्वयंपाकघरातील सत्तेच्या वाटणीत सापडते. पोह्यांना फोडणी द्यावी लागते, भाकरी थापावी लागते, आणि या दोन्ही विषयांचे परीक्षक घरातच बसलेले असतात. स्मूदीला विस्तव लागत नाही आणि घरात तिची परंपराही नसते, त्यामुळे ती बिघडली असे अधिकारवाणीने सांगू शकेल असा माणूस चार भिंतींच्या आत मिळत नाही. विस्तवाशी गाठ न पडता पाककर्त्याची प्रतिष्ठा मिळवून देणारी ही एकमेव वाट असल्याने स्मूदीकार तिला जिवापाड जपतो.

यंत्राचे पुराण तो ओट्याशी उभे राहून सांगतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील स्टीफन पोप्लॉस्की यांनी १९२२ च्या सुमारास दूध घुसळण्यासाठी तळाशी पाते असलेले यंत्र सिद्ध केले आणि १९७३ मध्ये लुइझियाना राज्यात ‘स्मूदी किंग’ हे दुकान निघाले, हे त्याला तोंडपाठ असते. मात्र घरातील मिक्सरचे मूळ कुळ चटणीचे आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. झाकणाच्या रबरी वायसरमध्ये लसणाचा वास मुरून बसलेला असतो आणि पहिल्या स्मूदीत पपईच्या पाठोपाठ तो जिभेवर येतो, तेव्हा स्मूदीकार घराण्याच्या इतिहासात प्रथमच स्वतंत्र भांड्याची मागणी करतो. दगडासारखी गोठलेली फळे तळाशी घालून वर चमचाभर दूध शिंपडण्याची त्याची पद्धत असल्याने पाती अडकतात, मोटर तापते आणि ओव्हरलोड स्विच, म्हणजे यंत्र जळू नये म्हणून आपोआप वीज तोडणारी कळ, बाहेर पडते. द्रव आधी, मऊ फळ त्यानंतर व गोठलेले फळ शेवटी घातले आणि मिक्सर थांबत थांबत फिरवला, तर भोवरा तयार होऊन सगळे आपोआप खाली ओढले जाते, हे सूत्र तो इतरांना सांगतो. मिक्सर उचलून बुडाशी असलेले लाल बटन दाबण्याचे काम मात्र पत्नीकडे असते.

फळांच्या बाबतीत त्याचा उत्साह ज्ञानाच्या दोन पावले पुढे चालतो. आंबा, केळे, चिकू आणि पपई ही फळे झाडावरून उतरल्यावरही इथिलीन नावाच्या वायूच्या प्रभावाने पिकत राहतात, कारण असे पिकणे हा त्यांचा स्वभावधर्म आहे. अननसात मात्र साखर होऊ शकेल असा पिष्टाचा साठा नसल्याने ते तोडल्यानंतर अधिक गोड होत नाही. स्मूदीकार फळवाल्याशी घासाघीस करून हिरवट अननस स्वस्तात आणतो, केळ्यांच्या सोबतीने तांदळाच्या डब्यात त्याची आढी घालतो आणि आठवडाभर रोज झाकण उघडून वास घेतो. आठवड्याच्या अखेरीस केळी काळी पडतात, तांदळाला अननसाचा वास येतो आणि अननस आपल्या आंबटपणावर ठाम असते.

हेच अननस पुढे त्याच्या पंथावरील मोठे संकट ठरते. अननसात ब्रोमेलेन हे विकर असते, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारा जैविक पदार्थ असतो. दुधातील केसीन या प्रथिनाशी त्याची गाठ पडली की काही वेळात पेय कडू होते. पहिल्या घोटाला सर्वांचे चेहरे बदलतात, आणि कडू तेवढे गुणकारी असा सिद्धांत स्मूदीकार तत्काळ मांडतो, तर त्याच्या मातोश्री चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आंबट फळे व दूध यांचा विरुद्धाहारात, म्हणजे एकत्र न घेण्याच्या अन्नात, समावेश असल्याचे सुनावतात आणि शिकरणाला त्यातून कोणत्या आधारे सूट मिळाली हे सांगण्याचे टाळतात. उपाय वास्तविक सोपा असतो: अननसाच्या फोडी काही मिनिटे उकळल्या की विकर निकामी होते आणि कडवटपणा येत नाही. परंतु उकळणे म्हणजे गॅस पेटवणे, आणि ज्या विस्तवाला टाळण्यासाठी हा सारा पंथ स्थापन झाला त्याच्याशीच तडजोड करणे स्मूदीकाराला तत्त्वतः मान्य नसल्याने फोडी पत्नी उकळून देते व श्रेय पाककर्त्याच्या नावावर जमा होते.

त्या दिवशीची स्मूदी, न्यायाने सांगायचे तर, उत्तम होते. उकळून गार केलेले अननस, ताटात पसरून गोठवलेल्या केळ्याच्या चकत्या, नारळाचे घट्ट दूध, लिंबाचे काही थेंब आणि चिमूटभर मीठ यांचा तो पांढुरका, फेसाळ ग्लास एप्रिलच्या दुपारी खरोखरच जीव निववतो. अडचण एवढीच की केळ्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेच्या संपर्काने पेयाला तपकिरी करत असल्याने स्मूदी तात्काळ पिण्याचा आदेश निघतो, मुलगा क्लासला लवकर निघून जातो, मुलीची ऑनलाइन बैठक सुरू होते आणि उरलेला ग्लास घरकामाच्या मावशींच्या वाट्याला येतो. त्या तो उभ्याउभ्या संपवतात आणि विचारल्यावर प्रामाणिक अभिप्राय देतात, “काका, नुसतं केळं दिलं असतं तरी चाललं असतं.”

स्मूदीकाराच्या सत्तेचा काळ होळीनंतर सुरू होतो आणि हापूस आवाक्यात येताच संपतो. आंबा हे उष्ण कटिबंधातील फळांचे शिरोमणी असल्याने तो आपल्या अधिकारक्षेत्रात येतो, असा त्याचा दावा असतो. पण २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाशी बांधलेल्या नावाचे कायदेशीर संरक्षण, मिळालेल्या कोकणच्या हापूसला पालक, जवस आणि बर्फ यांच्यासोबत फिरवण्याची कल्पना त्याने मांडताच घरातील सर्व पक्ष एकत्र येतात. अक्षय्य तृतीयेला मातोश्री आंबे हाताने पिळतात, कोयी निपटतात, मिठाची कणी आणि चमचाभर तूप घालतात, आणि मिक्सर कपाटात राहतो. स्मूदीकार निमूटपणे पानावर बसून दोन वाट्या आमरस संपवतो, मध, चोथा व रक्तशर्करा यांपैकी कशाचाही उल्लेख करत नाही, आणि शेवटी केवळ शास्त्रीय जिज्ञासेने, उरलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून पुढे स्मूदीसाठी ठेवता येईल का, असे विचारतो. त्यावर मातोश्री काही न बोलता पातेले उचलतात आणि उरलेला सगळा रस त्याच्याच वाटीत ओततात.