अधांतरीची पंगत

स्वर्गाची जी वर्णने आपल्या पुराणांतून आढळतात त्यांत भोजनाचा बंदोबस्त चोख असतो. अमृताचे कुंभ, मागेल ते पुरविणारा कल्पतरू, दुभत्याची ददात पडू न देणारी कामधेनू, अशी सर्व सिद्धता तेथे असल्यामुळे पुण्यवान मनुष्याला वर गेल्यावर ‘आज काय करायचे?’ हा भूलोकीच्या गृहिणींना छळणारा प्रश्न पडत नाही. अपवाद एकट्या त्रिशंकूचा. विश्वामित्राने सदेह वर पाठविलेल्या आणि इंद्राने खाली ढकललेल्या त्या राजाच्या उलट्या लोंबण्याची कथा सर्वांनी रंगवून सांगितली. परंतु तो तेथे काय खात असे, आणि खाल्लेले त्या स्थितीत पोटाकडे कसे जात असे, याची विचारपूस करण्याचे कोणाला सुचले नाही. विसाव्या शतकात हाच प्रश्न वैद्यांपुढे खराखुरा उभा राहिला. भार नाहीसा झाल्यावर घास गिळता तरी येईल, की तो घशातच मुक्काम ठोकील, अशी शंका त्यांच्यापैकी काहींना होती. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने १०८ मिनिटांचा आपला इतिहासप्रसिद्ध प्रवास केला आणि वाटेत नळी पिळून मांसाचे सरबरीत वाटण खाल्ले, तेव्हा मनुष्य अंतराळात जाऊ शकतो आणि तेथे तो जेवू शकतो या दोन गोष्टी एकाच दिवशी सिद्ध झाल्या. पहिलीचा गवगवा साऱ्या जगात झाला. माझ्यासारख्या भोजनप्रिय माणसाला दुसरीचे महत्त्व अधिक वाटते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात घेर्मान तितोवने एक दिवसाहून अधिक काळ वर राहून, जेवून, आणि जेवलेले सव्याज परत करून, तिसरीही गोष्ट सिद्ध केली.

अंतराळवीरांच्या शौर्याची जी स्तोत्रे गायिली जातात ती सर्व उड्डाणाच्या क्षणाभोवती घोटाळतात. प्रचंड अग्निबाणाच्या माथ्यावर जाऊन बसणे हे धाडस खरेच. परंतु कक्षेत पोहोचण्याचा तो सारा प्रकार आठ-नऊ मिनिटांत उरकतो. जेवणाची वेळ मात्र दिवसातून तीनदा येते, आणि मुक्काम सहा-सहा महिन्यांचा असतो. माझ्या मते खऱ्या धैर्याची कसोटी तेथे लागते.

तेथे गुरुत्वाकर्षण नसते असा जो समज रूढ आहे तो वास्तविक बरोबर नाही. अंतराळ स्थानक फिरते ते जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरांवर, आणि तेवढ्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश शिल्लक असते. स्थानक आणि त्यातील माणसे अखंड पडत असतात, फक्त वेग इतका असतो की पडूनही ती पृथ्वीला लागत नाहीत. तेव्हा अंतराळवीर जेवतो तो पडता पडता जेवतो, निजतो तोही पडता पडताच, आणि या चिरंतन पतनाची सवय नसलेले पोट पहिले दोन-तीन दिवस बंड पुकारते. निम्म्याहून अधिक प्रवाशांना हा उपद्रव होतो. १९८५ च्या एप्रिलात अमेरिकेच्या सिनेटचे सभासद जेक गार्न डिस्कव्हरी यानातून गेले. अंतराळ खात्याच्या अंदाजपत्रकावर ज्या समितीची नजर असते तिचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे त्यांना नकार देणे खात्याला अवघड गेले असावे. वर गेल्यावर ते इतके आजारी पडले की अंतराळवीरांच्या मंडळीत मळमळीचे ‘गार्न’ हे परिमाणच विनोदाने रूढ झाले. एक गार्न म्हणजे मनुष्याला होऊ शकेल तितका त्रास, आणि सामान्य माणसाची मजल त्याच्या एखाद्या लहानशा अंशापर्यंत. तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाचे नाव विज्ञानाच्या इतिहासात अशा रीतीने अमर झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु या सर्व इतिहासात माझे आराध्यदैवत कोणी असेल तर ते जॉन यंग. २३ मार्च १९६५ रोजी जेमिनी ३ हे यान दोन माणसांना घेऊन निघाले. सरकारने तयार केलेल्या पुड्यांतील अन्नाची परीक्षा करणे हे यंगसाहेबांकडे सोपविलेल्या कामांपैकी एक होते. ती परीक्षा कशी उतरणार याचा अंदाज त्यांना आधीच आला असावा, कारण त्यांनी आपल्या पोशाखाच्या खिशात खारवलेल्या गोमांसाचे एक सँडविच दडवून नेले होते. ते आणून देण्याची कामगिरी वॉली शिरा या दुसऱ्या अंतराळवीराने बजावली होती. म्हणजे हा शुद्ध कटाचाच मामला. वर गेल्यावर यंगनी ते काढून आपले प्रमुख गस ग्रिसम यांच्या हाती दिले. त्यांनी एक घास घेतला, पावाचे कण सुटून चौफेर तरंगू लागलेले पाहिले, आणि मुद्देमाल निमूटपणे स्वतःच्या खिशात जप्त केला. अर्ध्या मिनिटाची ही गोष्ट. पण तिचा बभ्रा वॉशिंग्टनपर्यंत गेला, लोकप्रतिनिधींच्या अर्थसमितीत तिची रीतसर चौकशी झाली, आणि असले सँडविच पुन्हा अंतराळात जाणार नाही अशी तजवीज केल्याचे आश्वासन खात्याच्या बड्या अधिकाऱ्याला गंभीर चेहऱ्याने द्यावे लागले. यंगना समज मिळाली. दोन महासत्तांची चंद्राकडे शर्यत चालू असताना एका लोकसभेने पावाच्या चुऱ्यावर खल करावा याचे नवल आपल्याला वाटण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत सभांचे लक्ष कोणत्या विषयावर एकवटते हे आपण पाहतोच.

मात्र समितीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अधांतरी सुटलेला कण खाली पडत नाही. तो डोळ्यांत जातो, नाकात जातो, यंत्राच्या फटीत जाऊन बसतो. म्हणूनच तेथे मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात कालवून थेंबाथेंबाने घेतात. भुरभुरविण्याची मुभा नाही. पाव तर बहुतांशी हद्दपारच झाला, आणि त्याची जागा मिळाली पोळीला. १९८५ च्या नोव्हेंबरात रोडोल्फो नेरी वेला हे मेक्सिकोचे अंतराळवीर आपल्या देशच्या पोळ्या, म्हणजे तोर्तिया, बरोबर घेऊन गेले. तिचा चुरा होत नाही, हवे ते गुंडाळता येते, आणि एका हाताने ती धरून दुसऱ्याने स्वतःला भिंतीला टेकवून ठेवता येते, हे पाहून अमेरिकनांनी ती कायमची पदरात घेतली. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना पोळीची थोरवी कळण्यासाठी पृथ्वी सोडावी लागली, हे मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखविले आहे.

ताटवाट्यांचा तेथे प्रश्नच नसतो. सुकविलेल्या अन्नाच्या पिशवीत गरम पाणी सोडायचे, थोडा वेळ थांबायचे, कात्रीने कोपरा कापायचा आणि चमच्याने चिकटेल तेवढे खायचे. काटाचमच्यांच्या बरोबरीने कात्री हे भोजनाचे उपकरण मानले जाणारी ही एकमेव पंगत असेल. त्यात भर म्हणजे शरीरातील द्रव वर सरकून तोंड सुजते आणि नाक चोंदते, त्यामुळे पडसे झालेल्या माणसासारखी जिभेची चव उतरते. परिणामी जन्मभर सपक अन्नावर पोसलेली मंडळीही तेथे तिखटासाठी हात पसरतात, आणि झणझणीत चटणीच्या बाटल्यांना भाव येतो. सुनीता विल्यम्स यांच्या पहिल्या मुक्कामात वासाबीची नळी अशी काही फुटली की तो जपानी ठसका चहूकडे उडाला आणि पुसता पुसता पुरेवाट झाली. याच बाईंनी समोसेही वर नेले होते. समोशाच्या पापुद्र्याचे कण आणि अमेरिकन समिती यांची गाठ कशी पडली नाही, हे एक कोडेच आहे.

आता पाण्याविषयी. हा परिच्छेद जेवताना वाचू नये. स्थानकावर पाण्याचा प्रत्येक थेंब भूतलावरून न्यावा लागत असल्याने घाम, उच्छ्वासातील ओल आणि मूत्र ही सर्व गोळा करून, शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी दिली जातात. २०२३ साली ही वसुली ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचली. आजची कॉफी तीच उद्याची कॉफी, असा तेथील रहिवाशांचाच विनोद आहे. इतकी चोख वसुली पेशवाईतल्या कोणा कमाविसदाराला साधली नसेल. आपल्या एका माजी पंतप्रधानांना मात्र ही योजना नवी वाटली नसती, आणि एवढ्या यंत्रसामग्रीची गरज काय, असेही त्यांनी विचारले असते.

शौचविधीसाठी पाय अडकवून बसावे लागते आणि पुढची जबाबदारी हवा ओढणाऱ्या पंख्याकडे जाते. स्पेस शटलच्या काळात शौचपात्राचे छिद्र सुमारे दहा सेंटिमीटरांचे असे, आणि त्यावर अचूक आसनस्थ होण्याचा सराव जमिनीवर, खालून कॅमेरा लावलेल्या आसनावर, समोरच्या पडद्यात पाहत करावा लागे. वर्षानुवर्षे विद्याभ्यास करून, हजारो अर्जदारांतून निवड होऊन, मनुष्याला शेवटी हे शिकावे लागते! त्याआधीच्या अपोलो यानांत एवढीही सोय नव्हती. चिकटणाऱ्या पिशव्यांवर भागवावे लागे. मे १९६९ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालणाऱ्या अपोलो १० मध्ये एक बेवारस वस्तू तरंगत आली, आणि स्टॅफर्ड, सर्नन व यंग या तिघांनीही तिच्यावरील मालकी हक्क ठामपणे नाकारला. यानातील संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्यामुळे तिघांच्या जबान्या सरकारी दफ्तरात जशाच्या तशा जमा आहेत, आणि प्रकरणाचा निकाल अद्याप लागलेला नाही. यंगसाहेबांचे नाव येथेही आले हे चाणाक्ष वाचकाने ताडले असेल. १९७२ साली अपोलो १६ मधून ते चंद्रावर उतरले, तेव्हा हृदयाच्या हितासाठी पोटॅशियम घातलेला संत्र्याचा रस वैद्यांनी त्यांना इतका पाजला की पोटात झालेल्या वायुप्रकोपाची खरमरीत कैफियत त्यांनी सहकाऱ्यापाशी मांडली, आणि ध्वनिक्षेपक चालू राहिल्याने ती सगळ्या पृथ्वीने ऐकली. ज्याच्या खिशात सँडविच सापडले होते त्याच्याच हाती १९८१ साली पहिल्या स्पेस शटलचे, कोलंबियाचे, नेतृत्व आले. खात्याचे मन मोठे खरे.

धर्मशास्त्राची अडचण निराळीच. स्थानक सुमारे दीड तासात एक फेरी करते, म्हणून दिवसात सोळा वेळा सूर्योदय होतो. मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर २००७ च्या रमजानात वर गेले, तेव्हा त्यांच्या देशातील धर्मपंडितांनी नमाजाच्या वेळा उड्डाणाच्या ठिकाणानुसार धराव्यात अशी समंजस व्यवस्था लावून दिली. आपल्याकडे असा निर्णय अजून झालेला नाही, आणि मी तो होऊ नये अशा मताचा आहे. कारण सूर्याप्रमाणे चंद्रही तेथे दर दीड तासाने उगवतो, आणि संकष्टीचा उपास सोडण्यास इतके सोयीचे स्थळ ब्रह्मांडात दुसरे नाही.

आता आपल्या स्वयंपाकाची कथा. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा निघाले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्याबरोबर रव्याचा हलवा, आलू-छोले आणि पुलाव दिला होता. २०२५ च्या जूनमध्ये गेलेल्या शुभांशू शुक्ला यांनी गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस नेला, आणि तो सर्वांना वाटला. नळीतल्या वाटणापासून आमरसापर्यंत मानवजातीने केलेली ही प्रगती मला चंद्रावरच्या पाउलापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. गगनयानाची तयारी चालू असता महाराष्ट्राने या बाबतीत गप्प बसणे बरे नाही. आपल्या पदार्थांची मी मनाशी छाननी केली आहे. चिवडा बाद, एक बुक्का आणि सारे यान दिवाळीभर कुरकुरीत. भाकरी पावाच्याच कलमाखाली येते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे प्रत्येक दाण्यामागे एक अंतराळवीर धावायचा. फरसाण घातलेल्या मिसळीचे तर नावही काढू नये. परंतु श्रीखंड हा पदार्थ जणू भारहीनतेसाठीच निर्माण झाला आहे. तो चमचा उलटा केला तरी सुटत नाही, आणि त्याच न्यायाने घट्ट पिठलेही उत्तीर्ण होते. ठेच्याविषयी काय सांगावे? चोंदलेल्या नाकावर आणि उतरलेल्या जिभेवर एवढा जालीम इलाज अमेरिकेच्या कोणत्याही बाटलीत नाही.

सबब म्हैसूरच्या प्रयोगशाळेस नम्र विनंती की, गगनयानाच्या कोठीत श्रीखंड, पिठले व हिरव्या मिरचीचा ठेचा यांची तरतूद व्हावी, ठेच्यातील शेंगदाण्याचे कूट अगदी बारीक असावे आणि ते तेलात नीट मुरवावे, म्हणजे कण सुटणार नाहीत. बरोबर पोळी द्यावीच. अर्जदारास स्वतः वर जाण्याची इच्छा नाही, याचीही कृपया नोंद घ्यावी.