यंत्रसेवेचे व्रत

1908 साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने टीपकागदातून कॉफी गाळली आणि कॉफी करणे सोपे असते असा गैरसमज जगात पसरला. विजेच्या ड्रिप मशीनने तो दूर केला, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच. बोअरच्या पाण्यातला क्षार आतल्या बारीक नळीत बसला की मशीन गुरगुरते, वाफ सोडते. कॉफी काही सोडत नाही. मग व्हिनेगर आणि पाणी समसमान भरावे, अर्धे उतरल्यावर मशीन बंद करून अर्धा तास थांबावे, उरलेले उतरवावे, शेवटी साध्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या. साधे पाणी म्हणजे अर्थातच बोअरचे, त्यामुळे सेवेत खंड पडत नाही.

या व्रतात विघ्न एकच: कॉफी. तिच्यामुळे भांड्याला तेलकट थर धरतो, गाळणीत विसरलेल्या चोथ्याला बुरशी येते. तेव्हा सुज्ञ कुटुंबांनी मशीनमध्ये कॉफी घालणे तातडीने थांबवावे. आमच्याकडे हा नियम कटाक्षाने पाळला जातो. काच लखलखीत, नळी मोकळी, दिवा वेळच्या वेळी लागतो. पाहुणे येतात, मशीनभोवती फिरून तोंडभर कौतुक करतात, आणि मग आम्ही चहा टाकतो.