तळ्याकाठचा गळवाला

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात चाळिशी ओलांडली की काही गृहस्थांना गळ टाकण्याचा छंद जडतो. गुडघे कुरकुरू लागल्याने गड चढणे सुटलेले असते, आणि टेकडीवर सकाळी फिरून आल्यावर चारचौघांत सांगण्यासारखे काही हाती लागत नाही. मासेमारीत बसून राहता येते, वर तिला साहस म्हणता येते. मुळशी, पानशेत, भंडारदरा अशा कुठल्याही धरणाच्या फुगवट्यावर हा गळवाला आढळतो. परंतु त्याचे निरीक्षण करायला पवना जलाशयाइतकी सोयीची जागा नाही. मावळातल्या या पाण्याभोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना असे चार किल्ले उभे आहेत, आणि शनिवारी दुपारपासून ठाकूरसाईच्या बाजूला काठाकाठाने तंबूंच्या रांगा लागतात. लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गळवाला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो आणि बोट तिकोन्याकडे दाखवतो.

त्याची तयारी बुधवारपासून चालते. मुलांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, औषधे हा पत्नीचा विभाग असतो. त्याच्याकडे फक्त ‘सामान’ असते. सामान म्हणजे दोन रॉड, तीन रील, सोळा खिशांचे जाकीट, कपाळाला बांधायची बॅटरी, आणि कप्प्याकप्प्यांची एक पेटी. तीत गळ, शिशाची वजने आणि रंगीत प्लॅस्टिकच्या खोट्या मासोळ्या आकारानुसार लावलेल्या असतात. घरातल्या विजेच्या बिलांना इतकी शिस्त कधी लाभलेली नसते.

काठावरच्या जमिनीत जागामालकाने तंबू आधीच ठोकून ठेवलेले असतात. वीज, गाद्या, संध्याकाळचा चहा-भजी आणि सकाळचे पोहे दरात धरलेले असतात. हे सर्व गळवाल्याला कमीपणाचे वाटते. तो स्वतःचा तंबू आणतो आणि पाण्यापासून चार पावलांवर लावतो. ‘साहेब, तिथं नको, रात्री वारं सुटतं,’ असे मामा सांगतात. मामा म्हणजे जागामालक. वयाने ते गळवाल्यापेक्षा लहान असले तरी मामाच. ‘मामा, हा तंबू हिमालयात चालतो,’ असे उत्तर मिळते. मामा आणखी काही न बोलता चार मोठे धोंडे आणून बाजूला ठेवतात. रात्री नऊच्या सुमारास ते कामाला येतात.

आमिष हा त्याच्या विद्येचा गाभा आहे. कणकेत शेंगदाण्याची पेंड, हिंग, बडीशेपेची पूड आणि व्हॅनिला इसेन्सचे काही थेंब घालून तो गोळा मळतो. मळताना तो कुणाला जवळ येऊ देत नाही. पेंडीचा वास रोहू, कटला, मृगळ या माशांना ओढतो हे खरे आहे, आणि अनुभवी मंडळी ती पूर्वीपासून वापरतात. व्हॅनिला मात्र त्याचे स्वतःचे संशोधन. घरी पोळ्यांचे पीठ कधीही न मळलेला हा माणूस इथे गोळ्याचा मऊपणा अंगठ्याने तीनतीनदा तपासतो, आणि पत्नी ते लांबून पाहत असते. तेवढ्यात मामांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा येतो, ओलसर दगड उलटवून गांडूळ काढतो, बांबूच्या काठीला बांधलेल्या तंगुसाच्या टोकाला ते ओवतो आणि दहा हातांवर बसतो.

मग शांततेचे पर्व सुरू होते. पाण्यावरच्या आवाजाने मासा बुजतो, या सबबीवर कुटुंबाला कुजबुजण्याचीही मनाई असते. काठावर पाय आपटले तर त्याची थरथर माशाला कळते, हे शास्त्राला धरून आहे. माणसांच्या बोलण्याचा त्रास त्याला फारच कमी होतो. पण घरात दिवसभर कुणी आपले ऐकत नाही, ही ज्याची जुनी तक्रार आहे, त्याच्या हाती असे हत्यार आल्यावर तो ते सोडत नाही. ऑफिसचे फोन या नियमातून वगळलेले आहेत. ते तो पाण्यात गुडघाभर उभा राहून, रेंजसाठी मान वर करून, खड्या आवाजात घेतो.

गळाला लागते ती चिलापी. आफ्रिकेतला हा तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि तळ्यातळ्यांत पसरला. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्ले काढते, आणि मासा मिळेल ते खातो. त्यामुळे त्याचा वंश बुडण्याची काळजी नाही. गळवाल्याला चिलापीचा राग येतो. ती हावरट असल्याने ज्याच्या-त्याच्या गळाला लागते, म्हणून तिला पकडण्यात त्याला काही विशेष वाटत नाही. मुलाच्या बादलीत तासाभरात सात चिलापी जमतात. गळवाला त्यांच्याकडे पाहून ‘छान, छान’ म्हणतो आणि आपल्या गोळ्यात आणखी हिंग घालतो.

त्याला हवा असतो महसीर. सह्याद्रीच्या नद्यांतला हा मोठ्या खवल्यांचा, अंगात प्रचंड जोर असलेला मासा धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून केलेल्या मासेमारीने कमी झाला. जवळच लोणावळ्यात वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून बीज जलाशयांत सोडले जाते, एवढ्या आधारावर गळवाल्याची सगळी आशा उभी असते. प्रत्यक्षात त्याने महसीर जवळून पाहिलेला असतो तो महाडजवळच्या वाळणकोंडीत. तिथे देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, आणि भाविकांनी टाकलेले खायला ते झुंडीने काठाशी येतात. त्या दिवशी त्याच्याकडे रॉड नव्हता, याबद्दल तो देवीचे आभार मानतो. पण मानताना थोडा थांबतो.

दर फेरीला एकदा रॉड वाकतो. गळवाला उभा राहतो, रील करकरते, मुले धावतात, बायको मोबाइल धरते. झटापट पंधरा-वीस मिनिटे चालते आणि तंगूस तुटतो. धरण झाले तेव्हा या खोऱ्यातली शेते, वाटा आणि झाडे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने वाघेश्वराचे देऊळ आजही उघडे पडते. तेव्हा पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी बांधावरची बाभळ असण्याचा संभव बराच असतो. मामा ‘खोड असंल’ म्हणतात. गळवाला फक्त हसतो. खोड असे डोके हलवत नाही, हे मामांना ठाऊक नसावे असे त्याला वाटते.

संध्याकाळी शेजारच्या तंबूंतून स्पीकर सुरू होतो आणि मासे न मिळण्याला अधिकृत कारण मिळते. घरून मसाला लावून आणलेली कोंबडी डिकीतून बाहेर निघते. प्रत्येक फेरीला ती ‘उगाच, असू द्यावी म्हणून’ आणलेली असते आणि दीड किलोच्या खाली कधी नसते. मामी तांदळाच्या भाकरी आणि मुलाने पकडलेल्या चिलापीचे कालवण पाठवतात. गळवाला चार तुकडे खातो आणि काटे फार असल्याचे नोंदवतो. मेअखेरीला, पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास, पलीकडच्या झाडांवर काजवे लुकलुकतात. मुले ते बघायला जातात. तो जात नाही, कारण रात्री मोठा मासा काठाला येतो. अकरा वाजता तो खुर्चीतच घोरताना सापडतो.

रविवारी सकाळी तंबू पिशवीत मावत नाही. दोन मिनिटांत उघडणारा तंबू मिटायला पाऊण तास आणि तीन माणसे लागतात, तरी एक कोपरा बाहेर राहतो. घाईत डिकी आपटली जाते आणि रॉडचे टोक मोडते. या छंदातले बहुतेक रॉड असेच जातात, पण ऑफिसात सांगताना डिकीचा उल्लेख गाळला जातो. सोमवारी मासा चार किलोंचा असतो, गुरुवारपर्यंत सात किलोंचा होतो. त्या आठवड्यात घरात दोन विषय निघतात: एक अखंड, न जोडता येणारा रॉड, आणि तो आडवा मावेल अशी गाडी.