फियाटचा फेरफार

नाना तलाठी म्हणून निवृत्त झाले, ही फक्त सरकारची समजूत आहे. पेन्शन सुरू झाली, दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, खुर्ची गेली. पण जगाकडे सातबारा म्हणून पाहायची डोळ्यांची सवय चार्ज देतानाच्या यादीत नव्हती, ती त्यांच्याकडेच राहिली. शेजारच्या निंबाची फांदी त्यांच्या अंगणात आली की नानांना सावली दिसत नाही, अतिक्रमण दिसतं. लग्नात अंतरपाट खाली गेला की सगळे अक्षता टाकतात आणि नाना शेजारच्याच्या कानात म्हणतात, "झाली नोंद मंजूर." मयताला गेले तरी रडणाऱ्यांकडे पाहून वारस मोजतात. मुक्ताईनगरला ते अजूनही बोलण्याच्या ओघात एदलाबाद म्हणतात. मुक्ताईवर भक्ती कमी म्हणून नव्हे. जुन्या रेकॉर्डात तसं आहे म्हणून.

अशा माणसाने जुनी मोटार घेतली.

झालं असं, की जवळच्या एका खेड्यात बांधाच्या भांडणात सल्ला द्यायला म्हणून नाना गेले होते. केळीच्या बागेच्या कडेला पत्र्याचं शेड, शेडमध्ये कडबा, आणि कडब्यातून बाहेर आलेलं मोटारीच्या शेपटाचं एक टोक. नाना बांध विसरले. ती एका डॉक्टरांची गाडी होती. नाना चड्डीत असताना पंचक्रोशीत आलेली ती पहिली फियाट, आणि तिच्यामागे धूळ खात पळालेल्या पोरांत नाना सगळ्यात पुढे होते, असं ते सांगतात. (त्या पिढीतला प्रत्येक जण आपण सगळ्यात पुढे होतो असंच सांगतो.) डॉक्टर गेले, मुलं पुण्याला गेली, गाडी कडब्यात गेली.

दुसरा कोणी असता तर त्याने आधी बॉनेट उघडलं असतं. नानांनी आधी पुस्तक मागितलं. आरसी बुकावर पत्ता एदलाबाद, साल 1974. गावाचं नाव बदललं, तालुक्याचं बदललं, मतदारसंघाचंही बदललं. गाडी मात्र अजून जुन्याच गावची रहिवासी. नानांचे डोळे पाणावले. मग त्यांनी इंजिन नंबर आणि चासी नंबरवरची धूळ रुमालाने पुसली, पुस्तकाशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले, कर्जाचा शेरा नाही हे पाहिलं, आणि जाहीर केलं, "गाडी निर्वेध आहे."

कागदांच्या बाबतीत नानांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मूळ मालक मयत, म्हणजे आधी नमुना 31 वर वारसांच्या नावाने गाडी करून घ्यायची, मग 29 आणि 30 भरून आपल्या नावावर. आरटीओ म्हटलं की माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. नाना जळगावला जाताना नवा सदरा घालून गेले. पुण्याच्या वारसांनी सह्या करताना विचारलं, "काका, गाडी चालू होईल का?" नाना म्हणाले, "ते नंतर. आधी नावावर होऊ द्या."

नावावर झाली. मग टेम्पोत घालून ती घरी आणली आणि नानांनी रीतसर पंचनामा केला. माझ्या सहीची त्यावर गरज होती, म्हणून मला तो वाचायला मिळाला. सुरुवातीला मिळकतीचा इतिहास होता. मूळ धारक: फियाट, तुरीन, देश इटली. भारतातील कब्जेदार: शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ला. फेरफार पहिला: 1964, नाव फियाट अकराशे डिलाइट. फेरफार दुसरा: प्रीमियर प्रेसिडेंट. फेरफार तिसरा: 1974, प्रीमियर पद्मिनी. शेरा: नावं बदलली, इंजिन तेच, 1089 सीसी. त्याखाली इतर हक्क. पुढच्या सीटवर कोंबड्यांचा वहिवाटीचा हक्क. मागच्या सीटवर मांजर, पिलांसह, कूळ म्हणून. डॅशबोर्डाच्या खणात गांधीलमाश्या, विनापरवाना बांधकाम. वायरिंगमध्ये उंदीर, कब्जा अनधिकृत परंतु दीर्घकालीन.

गल्लीतली मंडळी येऊन पाहू लागली. "नाना, डुक्कर फियाट घेतली म्हने?" असं कोणी विचारलं की नाना दुखावत. डुक्कर फियाट म्हणजे तिच्या आधीची, गोल पाठीची. ही धारदार, हिला मागे शेपटं आहेत, असं ते समजावून सांगत. ऐकणारा शेपटावर हात फिरवून म्हणे, "मंग शेपटाची डुक्कर."

नानींनी एकदाच काय ते विचारलं, "हे उन्हाळ्याच्या आत हलीन का?"

गाडी हायवेवरच्या मिस्तरीकडे गेली. हा हायवे पूर्वी सहा नंबर होता, आता त्रेपन्न आहे. नाना अर्थातच सहा म्हणतात. मिस्तरी पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडलं, आत पाय ठेवला आणि तो पाय खाली जमिनीला लागला. फूटबोर्ड गंजून गेला होता. मिस्तरीने आतूनच नानांकडे पाहिलं.

"नाना, बोजा नही म्हने गाडीवर?"

"अजिबात नाही. निर्वेध आहे."

"तळ बी नही."

कागद तपासताना नाना जे शिकले नव्हते ते इथे शिकू लागले. इंजिन जाम होतं. मिस्तरीने चारही प्लग काढले, त्या भोकांतून डिझेल आणि ब्रेक ऑइल ओतलं आणि सांगितलं, "राहू द्या आता." किती दिवस, हे सांगितलं नाही. पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये गंज धरला की जोर लावून उपयोग नसतो, लावला तर रिंगा मोडतात. तेल झिरपायला वेळ द्यावा लागतो आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू हलवत जायचं. नानांना हे पटलं. अर्ज मुरू द्यावा लागतो, हा त्यांचाही अनुभव होता.

पण मुरण्याला काही मुदत? नाना सोमवारी गेले, मिस्तरी म्हणाला गुरुवारी या. गुरुवारी गेले, तर लेथवाल्याकडे काम आहे, लेथवाला लग्नाला गेलाय. मग लाइट नव्हती. मग केळीचे ट्रक आले. घड कापून ट्रकमध्ये चढला की तो थांबू शकत नाही, म्हणून ट्रकचं काम आधी. मग पेंटरने पत्र्याला लांबी लावली, पण ती वाळायची होती. जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्यात, जिथे छपराखालचं माणूसही वाळतं, तिथे लांबी वाळली नाही यावर नानांचा विश्वास बसेना. शेवटी एक दिवस ते तापले. "मिस्तरी, काही रीत आहे की नाही? आठ महिने झाले!"

मिस्तरीने हात पुसले. "नाना, माह्या बापाच्या मयतानंतर वारस नोंदीले दीड साल लागलं होतं. सज्जावर तुमीच होते. मी येत होतो, तुमी म्हनत होते, उद्या ये." आणि थोडं थांबून, अगदी आदराने, "आता कुठी आठ महिने झाले."

नाना त्या दिवशी चहा न घेता घरी आले. पण इथून पुढे जे झालं ते कोणाच्याच हिशेबात नव्हतं. नानांनी उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गॅरेजवर खुर्ची टाकली: मी इथे बसणार, काम डोळ्यांपुढे झालं पाहिजे. आता रिटायर तलाठी रिकामा बसलेला दिसला की खेड्यावरचा माणूस थांबतोच. एकाने ट्रॅक्टरचं पंक्चर काढताना विचारलं, नाना, आठ-अ वर माझं नाव चुकलंय, काय करू? नानांनी अर्ज सांगितला. दुसऱ्याला पोटहिस्सा हवा होता. तिसऱ्याचा चुलता सही देत नव्हता. जन्मभर ज्यांना "उद्या या" म्हटलं त्यांना नाना आता "बसा, आत्ताच लिहू" म्हणू लागले, कारण त्यांनाही वेळ काढायचा होता. महिन्याभरात गॅरेजवर गाड्यांपेक्षा माणसं जास्त. माणसं थांबली की गाड्याही थांबतात. कोणी ऑइल बदलून घेई, कोणी ब्रेक आवळून. मिस्तरीने स्वखर्चाने नानांच्या खुर्चीवर हिरव्या जाळीचं छप्पर घातलं. फियाट होती तिथेच होती.

ही गोष्ट नानींच्या लक्षात आली, नानांच्या नाही. "तो काऊन दुरुस्त करीन? गाडी निघाली तर तुमी निघान. तुमी निघाले तर गिऱ्हाइक निघीन."

नाना म्हणाले, असं नाही, स्पेअर मिळत नाहीत. तेही खरंच होतं. रात्रीच्या गाडीने भुसावळहून नाना कुर्ल्याला गेले, सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत हिंडले. जिथे पद्मिनी जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे भाग किलोवर मिळतात, ही बाब त्यांनी वहीत वेगळी नोंदवली. दुकानदाराने सांगितलं, आता माल येत नाही. 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्स्या मोडीत निघत होत्या तोवर भाग निघत होते. तरी नानांनी व्हील सिलिंडरचे किट, ब्रेकचे लायनर, वायपरचे हात आणि कोणत्या गाडीचा कोण जाणे, पण देखणा असा एक काचेचा दिवा आणला. तो कुठेच बसला नाही. सध्या नानींच्या देवघराजवळ आहे.

नानांचा हट्ट एकच: सगळं ओरिजिनल. हे जुन्या गाड्या करणाऱ्यांचं जुनंच दुखणं आहे. चालत्या गाडीपेक्षा त्यांना मूळचा स्क्रू प्रिय असतो. मिस्तरीचा धर्म उलटा, तो म्हणे बसतं ते आपलं. रेडिएटर नव्हताच, मिस्तरीने दुसऱ्या कुठल्या गाडीचा आणून बसवला. नानांनी त्याची वहीत "अनोंदणीकृत बदल" अशी नोंद केली आणि चार दिवस अबोला धरला. अबोला संपला तो इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा. चोक ओढला, एकदा खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली. जमलेल्या अर्जदारांनी टाळ्या वाजवल्या. एकाने नारळ फोडला, तो आठ-अ वाला असावा.

पहिली फेरी चांगदेवला ठरली, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत. भर उन्हाची वेळ. कारण नानांनी मुहूर्त पंचांगात पाहिला होता, थर्मामीटरवर नाही. मी मागे बसलो होतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर नाना रजिस्टरचं पान उलटावं तसा टाकत होते. जेमतेम अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. इंजिनाच्या अंगाला बसवलेला पेट्रोलचा पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफेला पंप ओढू शकत नाही, कार्ब्युरेटर उपाशी राहतो. मुंबईतले टॅक्सीवाले अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकत. आमच्याकडे फडकं होतं, पाणी नव्हतं. मिस्तरीला फोन लावला. तो म्हणाला, "बाजूले केळी हाये का?" मुक्ताईनगर तालुक्यात हा काय प्रश्न झाला! "मंग खांबाचं एक सोपट काढा, पंपाले गुंडाळा, सुतळीनं बांधा."

सोपटात इतकं पाणी असतं की हाताला गार लागतं. गुंडाळलं, थोडं थांबलो, चावी फिरवली, चालू झाली. नाना मात्र आनंदले नाहीत. बॉनेट उघडं ठेवून ते त्या हिरव्या सोपटाकडे बघत राहिले. "हे कुठे लिहायचं? इटलीच्या मूळ नकाशात केळ नाही."

मी म्हटलं, इतर हक्कात लिहा. त्यांना ते पटलं. तेव्हापासून डिकीत स्टेपनीशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं सोपट असतं आणि दोन दिवसांनी ते बदललं जातं. कोणाच्या बागेतून आणायचं याची नानांकडे पाळी लावलेली आहे.

आता गाडी उभी आहे ती तांत्रिक कारणाने नव्हे, कायदेशीर. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. नानांच्या गाडीला 2024 साली पन्नास पूर्ण झाली. ती दोन अक्षरं मिळावीत म्हणून नाना झुरतात. दुसरा मार्ग साध्या पुनर्नोंदणीचा. तिची फी 2022 साली 600ची एकदम 5,000 झाली, 2025 साली वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000, आणि ती दर पाच वर्षांनी. पण त्या मार्गात अक्षरं नाहीत, मान नाही. मानाच्या मार्गात मात्र एक कलम आडवं आलंय: व्हिंटेज गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल.

आणि नानींची मागणी साधी आहे. दर शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जायचं. एसटीत उभं राहवत नाही, गुडघे दुखतात, दारात गाडी आहे.

नाना गेले कित्येक शनिवार त्या नियमाचा कीस पाडतायत. शिरसाळ्याला जाणं म्हणजे रॅली म्हणता येईल का? एकाच गाडीची रॅली होते का? मारुतीपुढे गाडी उभी केली तर ते प्रदर्शन ठरतं का? येताना पेट्रोल भरलं तर येण्याचा प्रवास नियमात बसेल, पण जाण्याचं काय? त्यांनी मला मसुदा दाखवला, त्यात नानींचा उल्लेख "तांत्रिक सहायक" असा होता.

परवाच्या शनिवारी सकाळी नानी नारळ, तेलाची बाटली आणि रुईच्या पानांची माळ घेऊन बाहेर आल्या. नाना ओट्यावर चष्मा लावून कलम वाचत होते. "थांब जरा, हे परंतुक बघू दे. आपलं जाणं अजून नियमात बसत नाही."

नानींनी फियाटचं पुढचं दार उघडलं, माळ डॅशबोर्डावर ठेवली आणि पदर सावरला. "ते नियमात नही बसलं तरी चालीन. मी गाडीत बसली."